ऑफिस ऐरोली, घर बदलापूर : रोजचं जमतं का?

कळवा_कारशेड
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. आम्ही कळव्याला भाड्याने राहतो. माझं ऑफिस ऐरोलीत, नवऱ्याचं बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुल), मुलगा दुसरीत. घरमालकाने या वेळी अ‍ॅग्रीमेंट रिन्यू करताना भाडं असं काही वाढवलंय की दोघंही म्हणालो बास, आता स्वतःचं घर. पण कळवा, खारेगाव, ऐरोली, ठाणं यातलं काहीच बजेटात बसत नाही आणि जे बसतं त्याला ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) नसते. मग फिरत फिरत पोचलो बदलापूरला. पश्चिमेला एक टू बीएचके बघितला, इथे ज्या पैशात वन आरके मिळणार नाही त्यात टू बीएचके, लिफ्ट, पार्किंग, आणि बाल्कनीतून समोर चंदेरीचा डोंगर. साइटवरचा मुलगा म्हणाला मॅडम चिखलोली स्टेशन येतंय, मेट्रो चौदा येतेय, वडोदरा एक्सप्रेसवे तर आलाच समजा, आत्ता घेताय ते नशीब. टोकन देऊन आलोय थोडं. सासरे खूश आहेत, दीर म्हणतात वेड लागलंय का तुम्हाला.

तर ज्यांनी खरंच केलंय त्यांनीच सांगा, बदलापूर-ठाणे-ऐरोली रोज जमतं का? आणि जाता जाता एक डोक्यात आलेला प्रश्न, घरं एवढी पसरत चाललीयेत तर ऑफिसं का पसरत नाहीत हो? नवऱ्याच्या डिपार्टमेंटचे निम्मे लोक डोंबिवलीच्या पुढचे आहेत आणि सगळे रोज उठून बीकेसीला जातात.

चौथीसीट
ताई, बदलापूरहून ठाण्याला रोज ये-जा करणारा आहे म्हणून लिहितोय. सकाळचं एवढं वाईट नाही. बदलापूरहून सुटणाऱ्या गाड्या आहेत, जरा लवकर स्टेशनला पोचलात तर लेडीजमध्ये बसायला मिळेल, निदान चौथी सीट तरी (तिघांच्या बाकावर कडेला टेकायची). पण एक लक्षात ठेवा, गाडी फलाटाला लागते तेव्हा ती रिकामी नसते, अंबरनाथ उल्हासनगरचे लोक डाऊन (मुंबईकडून येणाऱ्या) गाडीने रिटर्न आलेले असतात आणि खिडक्या त्यांच्याकडे असतात. यावरून भांडणं रोजची, तुम्ही पडू नका त्यात. ठाण्यापर्यंत पाऊण तास ते तासभर, मग ब्रिज चढून नऊ-दहा नंबरला ट्रान्सहार्बर (ठाणे-नवी मुंबई लाईन), ऐरोली तिथून जवळच आहे. म्हणजे सकाळी दारातून निघून ऑफिसात बसेपर्यंत दोन तास धरा, शेअर रिक्षाची रांग धरून.

खरी परीक्षा संध्याकाळी ठाण्याला. सीएसएमटीहून येणारी बदलापूर, कर्जत गाडी ठाण्याला येते तीच भरून, दारातल्या बायका आतच घेत नाहीत असं माझी बायको सांगते. ठाण्याहून सुटणाऱ्या मोजक्या गाड्या आहेत, त्यातली एक तुमच्या वेळेला जुळली तर तुमचं नशीब, नाही जुळली तर दोन गाड्या सोडाव्या लागणार हे गृहीत धरा. ऑफिस सुटायची वेळ फ्लेक्झिबल आहे का हे आधी सांगा, बाकी सगळं त्यावर आहे.

उल्हासकाठ
दीर ठाण्यात राहतात का हो? 😀 नाही, ठाणे-मुलुंडवाल्यांना बदलापूर म्हटलं की उगाच कळवळा येतो म्हणून विचारलं.

घ्या तुम्ही घर. आम्ही डोंबिवलीत चाळीस वर्षं जुन्या बिल्डिंगच्या दीड खोलीत सहा माणसं राहत होतो, बदलापूरला आल्यावर आईला पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली. प्रवास वाढला, मान्य, पण घरी आल्यावर पाय पसरायला जागा आहे. इथे जो तो प्रवासाचेच तास मोजतो, दीड खोलीत आयुष्य काढल्याचे तास कोण मोजतं? आणि भाड्याच्या घरात दर अकरा महिन्यांनी मालकाचं तोंड बघायचं त्यापेक्षा लोकलमधली धक्काबुक्की परवडली. पावसाळ्यात इथे या एकदा, बारवीकडे, कोंडेश्वरला, मग बोला.

हिशोबनीस
@उल्हासकाठ मुद्दा बरोबर आहे पण तास मोजूच. जायचे दोन यायचे दोन म्हणजे चार, आत्ता कळव्याहून त्यांना फार तर एक तास लागत असेल सगळं धरून. वाढले तीन. महिन्याचे चोवीस दिवस धरले तर बहात्तर तास. आठ तासांची ड्यूटी धरली तर महिन्याला नऊ दिवसांचं काम फुकट, आणि हे एका माणसाचं. नवऱ्याचं वेगळं. बिल्डर स्क्वेअर फुटाला जे कमी घेतो ते तुम्ही असं दर महिन्याला फेडत राहता, फक्त ते बँक स्टेटमेंटमध्ये दिसत नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो. भाडं किती वाढलंय आणि ईएमआय किती येतोय ते लिहा. कळव्याचं भाडं जर ईएमआयच्या निम्मं असेल तर मी म्हणेन भाड्यानेच राहा आणि फरक बाजूला टाका. लोक भाड्याला पैसे पाण्यात म्हणतात पण पहिली बरीच वर्षं ईएमआयमध्येही व्याजच जास्त असतं.

उल्हासकाठ
आणि म्हातारपणी राहायचं कुठे, म्युच्युअल फंडात?

हिशोबनीस
😀 आला तोच डायलॉग.

जुना_लालबागकर
धाग्याच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो कारण तो आमच्या घरातच घडलाय. वडील गिरणीत, खोली लालबागला, भोंगा झाला की चालत दहा मिनिटांत खात्यात. आठ-आठ तासांच्या पाळ्या होत्या, काम अंग मोडणारं होतं, त्याचे गोडवे गाणार नाही मी, पण प्रवास नावाचा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. ८२ चा संप झाला, गिरणी गेली, वडिलांनी खोली विकून डोंबिवलीला ब्लॉक घेतला. मी पंचवीस वर्षं डोंबिवली-मशीद बंदर केली. मोठ्या मुलाला डोंबिवली परवडली नाही, तो अंबरनाथला. आता धाकटा लग्नाचा आहे आणि तो नेरळच्या साइटी बघतोय. प्रत्येक पिढी चार स्टेशनं पुढे.

आणि गंमत बघा, वडिलांची गिरणी होती तिथे आज काचेची ऑफिसं आहेत. थोरला तिथेच कामाला जातो, अंबरनाथहून. काम लालबाग-परळातच राहिलं, फक्त आम्हाला तिथून उचलून पन्नासेक किलोमीटर लांब ठेवलं. १९९१ च्या बांधकाम नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते, एक पालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती करून फक्त मोकळ्या जागेचे वाटे करायचं ठरवलं, म्हणजे जिथे शेड उभी आहे ती जमीन वाटणीतून बाहेर. सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं ते, टिकली दुरुस्ती. नंतर घरं मागणाऱ्या कामगारांना सरकार म्हणालं शेलू-वांगणीला घ्या. त्याच्या विरोधात २०२५ च्या जुलैत आझाद मैदानावर म्हातारी म्हातारी माणसं उन्हापावसात बसली होती, मीही गेलो होतो वडिलांचा कागद घेऊन.

वांगणी_स्लो
लालबागकर काका, शेलू-वांगणीला काय वाईट आहे हो 😜 आम्ही राहतोच की. आमच्याकडून बघितलं तर बदलापूर म्हणजे टाऊन, मॉल बिल बघायला आम्ही तिकडे येतो.

खरं सांगायचं तर वाईट हेच आहे की गाड्या कमी. बदलापूर लोकल बदलापूरलाच संपते, पुढे आम्हाला फक्त कर्जत-खोपोलीवाल्या. एक चुकली की पुढचीची वाट बघत फलाटावर बसा. आमच्याकडे दृष्टिहीन लोकांची बरीच कुटुंबं राहतात, लोकलमध्ये क्लिपा, पिना, पाकिटं विकणारे तुम्ही बघत असाल त्यातले कितीतरी वांगणीचे. घरं स्वस्त म्हणून इथे आले आणि धंदा लोकलमध्येच, म्हणजे त्यांचा प्रवास हेच ऑफिस. कोरोनात लोकल बंद झाली तेव्हा त्या घरांचं काय झालं ते आम्ही बघितलंय, गावातल्या मंडळांनी महिनोनमहिने किराणा पोचवला.

रुळावरून
थोडं रेल्वेचं सांगतो म्हणजे चित्र क्लिअर होईल, लांबेल जरा.

१८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून (आताचं सीएसएमटी) ठाण्याला गेली, ३४ किलोमीटर. तेवढंच अंतर ठाण्यापासून पुढे परत मोजा, बदलापूर येतं, सीएसएमटीपासून ६८. कल्याणपर्यंत रूळ भरपूर आहेत, ठाणे-दिवा पाचवी-सहावी २०२२ च्या फेब्रुवारीत चालू झाली. प्रॉब्लेम कल्याणनंतर आहे. तिथे लाईन फुटते, एक कसाऱ्याकडे एक कर्जतकडे, आणि कर्जतकडे लोकलला, पुण्याकडच्या मेल-एक्सप्रेसला, मालगाडीला सगळ्यांना मिळून दोनच रूळ. एक जायला एक यायला. त्यामुळे बदलापूरची लोकसंख्या कितीही वाढली तरी गाड्या त्या प्रमाणात वाढवताच येत नाहीत, वाढवायच्या म्हटलं तर चालवायच्या कुठून? कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी लाईन एमयूटीपी ३ अ (मुंबईच्या रेल्वेवाढीची सरकारी योजना) मध्ये आहे, चिखलोली स्टेशनही त्यातलंच. साइटवरचा पोरगा खोटं बोलत नाहीये, फक्त कधी ते सांगत नाहीये. मेट्रो चौदा म्हणजे कांजूरमार्ग-बदलापूर, ती अजून कागदावर आहे, तिच्या भरवशावर घर घेऊ नका.

लोकसंख्येचं म्हणाल तर कुळगाव-बदलापूर २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत होतं, २०११ ला पावणेदोन लाखांच्या आसपास. त्यानंतर जनगणनाच झाली नाही, आता किती ते स्टेशनवर उभं राहून मोजायचं. त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्हा म्हणजे कुलाबा ते माहीम-सायन कमी झाला, ३३ लाखांवरून ३१ च्या आत आला. आणि तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. माणसं कुठून कुठे सरकली ते यात दिसतं, ऑफिसं मात्र फोर्टातून निघून लोअर परळ, बीकेसी, अंधेरीला थांबली.

सावली_पारसिक
रुळावरून, छान लिहिलंत. मी एक वेगळं बोलते. या धाग्यावर सगळे तास, पैसे, रूळ बोलतायत. ताईंचा मुलगा दुसरीत आहे त्याचं कोणी विचारलं नाही.

आई ऐरोलीत, बाबा बीकेसीत, मुलगा बदलापूरच्या शाळेत. त्याला दुपारी ताप आला, शाळेतून फोन आला, तर पोचायला किती वेळ? दुपारच्या गाडीनेही दीड तास. मेगाब्लॉक नसेल, पाऊस नसेल, ओव्हरहेड वायर तुटली नसेल तर. आमच्या ग्रुपमध्ये आम्ही नऊ जणी होतो, अंबरनाथ-बदलापूरच्या, सगळ्या ठाण्याच्या पुढे नोकरीला. हळूहळू अर्ध्याहून जास्त जणींनी नोकरी सोडली. एकीनेही प्रवास झेपत नाही म्हणून सोडतेय असं म्हटलं नाही, सगळ्या म्हणाल्या मुलांसाठी. मग कोणी घरी शिकवण्या घेते, कोणी जवळच्या दुकानात निम्म्या पगारावर हिशेब लिहिते. दोन पगार धरून घेतलेलं घर मग एका पगारावर फेडायचं, की तो नवरा अजून ओव्हरटाइम करून अजून उशिरा येणार.

आणि ते लेडीज डब्यात भाजी निवडणाऱ्या बायकांचं कौतुक लिहू नका कोणी प्लीज, हळदीकुंकू, डोहाळेजेवण वगैरे. भाजी निवडतो कारण घरी गेल्यावर वेळ उरत नाही. हौस नाहीये ती.

कळवा_कारशेड
सावली ताई, वाचून पोटात गोळाच आला. सासू-सासरे आमच्याबरोबर येणार आहेत त्यामुळे मुलाचं तितकं टेन्शन नाही, पण सासऱ्यांना बायपास झालेली आहे आणि त्यांचं फॉलोअप ठाण्याला असतं, तो विचार केला नव्हता.
@हिशोबनीस ईएमआय भाड्याच्या पावणेदोन पट येतोय.
@चौथीसीट माझं साडेनऊ ते साडेसहा, फ्लेक्झिबल नाही. आठवड्यातून एक दिवस वर्क फ्रॉम होम देतात पण तो कधीही काढून घेतील असं वाटतं. नवऱ्याला दोन दिवस आहे.

कोथरूडचा_काका
तुम्हाला निदान लोकल आहे हो. आमच्या पुण्यात या, वाघोलीत फ्लॅट आणि हिंजवडीत नोकरी असली माणसं आहेत, शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला दुचाकीवर, खडी, पाणी, धूर सगळं अंगावर घेत. १९८७ च्या डीपीत (विकास आराखड्यात) शहराभोवती उच्च क्षमतेचा वर्तुळाकार मार्ग आखला होता, तो अजून आखलेलाच आहे. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल बांधला आणि मेट्रोसाठी २०२० साली पाडला. २०१७ ला अकरा आणि २०२१ ला तेवीस गावं पालिकेत घेतली, म्हणजे आधी बिल्डिंगी झाल्या आणि मग गाव शहरात आलं, रस्ता ड्रेनेज त्याच्या मागून. आणि पुणेकर बसने का जात नाहीत विचारतात, बस आली तर जाऊ ना.

वांगणी_स्लो
काका आले. आता धागा शंभरी गाठणार.

चौथीसीट
पण काकांचं खोटं नाहीये. लोकल आहे म्हणून आपण सत्तर किलोमीटर लांब राहून नोकरी करू शकतो. पास इतका स्वस्त आहे की अंतर खिशाला जाणवतच नाही, अंगालाच जाणवतं. २०१४ च्या जूनमध्ये महिन्याचा पास पंधराऐवजी तीस फेऱ्यांच्या भाड्याइतका करायचं चाललं होतं, केवढा गदारोळ झाला, चार दिवसांत मागे घेतलं. पास महागला असता तर इकडचे फ्लॅटचे भावच बदलले असते.

तोक्योची_सकाळ
मी बरीच वर्षं इथे तोक्योच्या बाहेर राहते, मीही तासभर प्रवास करते त्यामुळे गर्दीचं मला नका सांगू 🙂 पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक म्हणजे पासचे पैसे बहुतेक कंपन्या देतात, त्यामुळे माणूस किती लांबून येतो हे कंपनीच्या खर्चात दिसतं. दुसरं म्हणजे इथल्या कितीतरी खाजगी रेल्वे कंपन्यांनी आधी रूळ टाकले आणि मग त्या रुळाच्या कडेच्या जमिनीवर स्वतःच घरं बांधून विकली, स्टेशनवर दुकानंही त्यांचीच. त्यामुळे घरं झाली पण गाडी नाही असं सहसा होत नाही, कारण गाडी नसेल तर घर विकणार कसं?

रुळावरून
@तोक्योची_सकाळ असंच आपल्याकडे एकदा झालंय आणि ते ताईंच्या ऑफिसच्या दारातच आहे. नवी मुंबई. मानखुर्द-बेलापूर-पनवेल लाईनचा ६७ टक्के खर्च सिडकोने (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) दिला, रेल्वेने ३३. पैसा आला जमीन विकून. १९९२ मध्ये खाडीवरून गाडी वाशीला गेली, २००४ मध्ये ठाणे-वाशी चालू झाली. स्टेशनांच्या डोक्यावर ऑफिसं बांधली. कल्याणच्या पुढे असं कोणी केलंच नाही, तिथे जमीन एकेका बिल्डरने एकेका शेतकऱ्याकडून घेतली, परवानगी नगरपरिषदेची, रूळ केंद्र सरकारचे, रस्ता एमएमआरडीएचा नाहीतर पीडब्ल्यूडीचा. फ्लॅट विकून आलेल्या पैशातला एक रुपया रुळाकडे जात नाही. १९९९ मध्ये एमआरव्हीसी (मुंबईच्या रेल्वे प्रकल्पांची सरकारी कंपनी) काढली, केंद्र ५१ आणि राज्य ४९, तिच्यामार्फत कामं होतात, पण ती गर्दी झाल्यावर होतात, आधी नाही.

जुना_लालबागकर
नवी मुंबईचं सगळं खरं पण एक विसरलात. ६५ साली चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता, शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली त्यात मूळ गोष्ट होती की नोकऱ्या तिकडे न्यायच्या, सरकारी कचेऱ्यांसकट. घरं गेली, मार्केटं गेली, मंत्रालय हललं नाही. उलट नरीमन पॉइंटला भर घालून तिथेच टॉवर उठवले, मग बीकेसी काढलं. तीस वर्षं बेलापूरचा माणूस सीएसएमटीला जात राहिला. ऐरोली-महापेला आयटी आलं ते खूप नंतर.

हिशोबनीस
मग उपाय काय लालबागकर काका? मुंबईत एफएसआय (जमिनीच्या किती पट बांधकाम करता येतं ते) वाढवायचा? वर्षानुवर्षं शहरात १.३३ आणि उपनगरात १ धरून बसलो, म्हणून गाव आडवं पसरलं असं म्हणणारे खूप आहेत. आता वाढवला तर तिथे कोणाची घरं होतात ते परळला बघतोच आहोत. मला वाटतं एफएसआयपेक्षा भाड्याची घरं हा मुद्दा आहे. ४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, त्यानंतर भाड्याने द्यायला म्हणून चाळी बांधणंच बंद पडलं. पूर्वी नोकरी बदलली की खोली बदलायचे, आता ऐरोलीची नोकरी सुटून अंधेरीला लागली तर बदलापूरचा फ्लॅट उचलून नेणार का? वीस वर्षांचं कर्ज काढून एका जागी बसायचं आणि नोकरी दर तीन वर्षांनी बदलणारी.

उल्हासकाठ
हे पटलं. माझंच बघा, घर घेतलं तेव्हा कंपनी अंबरनाथ एमआयडीसीत होती, रिक्षाने पंधरा मिनिटं. नंतर ती हलली तळोज्याला. ट्रेनने जायचं तर ठाण्याला जाऊन पनवेलवरून उलटं फिरून, म्हणून काटई रोडने बाईक. शिळफाट्याचं नाव काढू नका कोणी.

सावली_पारसिक
बाईक सांभाळून चालवा हो, त्या रोडवर कंटेनर कसे येतात माहितीये.

चौथीसीट
गाडीचंही तसंच आहे. २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूने जाताना दारात लटकलेली माणसं पडली. त्यानंतर म्हणे साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवणार. दारं बंद केल्यावर बाहेर लटकणारे आत कुठे मावणार हे कोणी सांगत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये साध्या गाड्या काढून एसी आणल्या तेव्हा कळव्याला आणि बदलापूरला लोक आंदोलनाला उतरले होते, दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. कळवा_कारशेड ताई, तुम्ही तर बघितलं असेल.

कळवा_कारशेड
हो ना, कारशेडमधून (लोकल उभ्या करतात तिथून) निघणारी गाडीच एसी केली होती, तिथेच गोंधळ झाला. नाव उगाच नाही ठेवलं 🙂

नवऱ्याने हा धागा वाचला. तो म्हणतो त्याला कुर्ल्याला उतरून पश्चिमेची रिक्षाची लाईन रोज जमणार नाही, दुसरा काही मार्ग आहे का?

रुळावरून
आहे. घाटकोपरला उतरून मेट्रो एकने मरोळ नाका, तिथे मेट्रो तीन बदलून बीकेसी. लांबचा वळसा आहे, पैसे जास्त जातात, पण अंगावरचा शर्ट इस्त्रीचा राहतो. घाटकोपरच्या ब्रिजवर सकाळी गर्दी असते तेवढी धरा. पाऊस असेल त्या दिवशी मी हेच करतो, नाहीतर कुर्ला.

आणि पावसाचं निघालंय तर, फ्लॅट पश्चिमेला म्हणालात, नदीपासून किती लांब आहे? २००५ ला आणि २०१९ ला उल्हासचं पाणी कुठवर आलं होतं ते जुन्या लोकांना विचारा, पानवाल्याला विचारा, ब्रोकरला नको. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पाण्यात अडकली होती, हजारभर माणसं होड्यांनी काढली.

वांगणी_स्लो
ती गाडी आमच्याच गावाजवळ अडकलेली. गावातले लोक सगळ्यात आधी पोचले होते हेही लिहा.

रुळावरून
लिहिलं 🙏

उल्हासकाठ
पूररेषेचं मात्र खरंच बघा ताई, मी कितीही बदलापूरप्रेमी असलो तरी. नदीकाठच्या काही सोसायट्यांत पार्किंगमधल्या गाड्या दोन वेळा गेल्यात. नगरपरिषदेत नकाशा बघायला मिळतो.

आणि सासऱ्यांच्या फॉलोअपचं, पूर्वेला-पश्चिमेला बरी हॉस्पिटलं झालीत आता, कार्डिओ येतात ठरावीक दिवशी. पण रात्री-अपरात्री काही झालं तर माणूस ठाणे नाहीतर डोंबिवलीकडेच पळतो, ते आहे.

कोथरूडचा_काका
एक सुचवू का, आधी बदलापूरलाच भाड्याने राहून बघा सहा महिने. पुण्यात आम्ही मुलीला हेच सांगितलं होतं, तिने ऐकलं नाही आणि आता रोज वाकडच्या चौकातून फोन करते.

कळवा_कारशेड
काका, बरोबर वाटतंय पण मुलाची शाळा मध्येच बदलायची का हा प्रश्न. आज रात्री बोलणार आहोत घरी. टोकनचं काय करता येईल? परत मागितलं तर देतात का? अजून अ‍ॅग्रीमेंट नाही झालं, फक्त एक फॉर्म भरून सही केलीय आणि चेक दिलाय.

हिशोबनीस
त्या फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात कॅन्सलेशनचं कलम असतं ते आधी वाचा. प्रोजेक्ट महारेरावर (बिल्डरांवरच्या सरकारी प्राधिकरणाच्या साइटवर) आहे का बघा, नंबर ब्रोशरवर असलाच पाहिजे, साइटवर टाकला की ताबा कधी देणार, किती मजल्यांना परवानगी, केस आहे का सगळं दिसतं. रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाहीत, तेव्हा अजून मागत असतील तर देऊ नका. कॅन्सल करायचं झालं तर तोंडी नको, ईमेल करा.

सावली_पारसिक
आणि ठरवायच्या आधी एका सोमवारी दोघं जाऊन या. पहाटे साइटच्या गेटवर उभं राहून तिथून रिक्षा, गाडी, ठाणे, ऐरोली असं खरंच करा, आणि संध्याकाळी परत तिथपर्यंत. रविवारी दुपारी गाडीने जाऊन घर बघितलं की सगळंच जवळ वाटतं.

चौथीसीट
सोमवारी जाणार असाल तर संध्याकाळी ठाण्याला मधल्या ब्रिजखाली उभ्या राहू नका, तिथे सगळ्यात जास्त गर्दी. कल्याणच्या टोकाकडचा लेडीज बघा, तिथे निदान पाय ठेवायला मिळतो. इंडिकेटरवर बारा डबा की पंधरा डबा ते बघून उभ्या राहा, पंधरा असेल तर डब्यांच्या जागा पुढेमागे होतात. बदलापूर गाडीच पकडा, कर्जत सोडा, कर्जतवाल्या बायका बदलापूरवाल्यांना शिव्या घालतात.

वांगणी_स्लो
घालणारच. तुम्हाला तुमची वेगळी गाडी असते, आमची कशाला भरता?